इमर्जन्सी मेडिसिन घ्यायचंय, पण एमडी, डीएनबी की एमईएम?

नीट पीजीचं (एमबीबीएसनंतरच्या पीजी प्रवेशाचं) काउन्सेलिंग आलं की ज्युनियर्सचा हाच प्रश्न येतो, दरवेळी तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे ही ब्रँच अजून लहान आहे. मेडिकल कौन्सिलने २००९ मध्ये मान्यता दिली, त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे एक सीएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर), एमएलसीचं (पोलीस केसेसचं) रजिस्टर आणि मेडिसिन-सर्जरीला लावलेले कॉल. बऱ्याच ठिकाणी दारावरचा बोर्ड बदललाय, आतला कारभार तोच आहे, त्यामुळे नुसती डिग्री बघून ठरवू नका.

एमडी ही मेडिकल कॉलेजातली डिग्री, डीएनबी नॅशनल बोर्डाची. दोन्ही तीन वर्षांचे, दोन्हीला नीट पीजी, दोन्हीत थिसिस, आणि कायद्याने दोन्ही सारखेच. फरक पेशंटमध्ये पडतो. सरकारी कॉलेजात एमडी मिळालं तर केसेस पोत्याने येतात. पावसाळ्यात पहाटे मण्यार चावलेला पेशंट येतो, दंशाची खूण सापडत नाही, पापण्या उघडत नाहीत, नातेवाईक म्हणतात झोपेतून उठतच नाहीये, आणि तासाभरात श्वास थांबायला लागतो. शेजारच्या बेडवर फवारणीचं औषध प्यायलेला, त्याचं अॅट्रोपिन (विषावरचा उतारा) चालू. हे चार वेळा स्वतः हाताळलं की पुस्तक लागत नाही. पण शिकवणारं कोण? सुरुवातीला मेडिसिन, सर्जरी, अॅनेस्थेशियाचे लोकच या डिपार्टमेंटला फॅकल्टी म्हणून आले, काही जण जीव तोडून शिकवतात, काहींना ती पनिशमेंट पोस्टिंग वाटते. डीम्ड (अभिमत) युनिव्हर्सिटीची फी वेगळं प्रकरण, त्यावर न बोललेलं बरं.

डीएनबी बहुतेक मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात. हार्ट अटॅक, स्ट्रोक, सेप्सिस भरपूर, प्रोटोकॉल पक्के, अल्ट्रासाउंड मशीन हाताशी. विषबाधा, साप मात्र त्या मानाने कमी, आणि पेशंट कन्सल्टंटच्या नावावर आला असेल तर तुम्ही फक्त फोन लावायचा असंही होतं. एक्झिट परीक्षा नॅशनल बोर्डाची, घरचे एक्झामिनर नाहीत, त्यामुळे पास होणं जड जातं.

एमईएम म्हणजे मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन, कॉर्पोरेट हॉस्पिटलातला तीन वर्षांचा कोर्स, परदेशी युनिव्हर्सिटीशी टायअप, जॉर्ज वॉशिंग्टनचा सगळ्यात माहितीतला. ट्रेनिंग खरंच चांगलं असू शकतं, माझ्यासोबत काम केलेले दोन-तीन जण माझ्यापेक्षा भारी एअरवे घेतात (श्वासनलिकेत ट्यूब टाकतात). पण एनएमसीची (मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनची) मान्यता नाही. म्हणजे इथे कागदावर तुम्ही एमबीबीएसच, मेडिकल कॉलेजात फॅकल्टी होता येणार नाही. यूकेला जायचं पक्कं असेल तर ट्रेनिंग करता करता एमआरसीईएमचे (तिथल्या इमर्जन्सी मेडिसिन कॉलेजच्या मेंबरशिप परीक्षेचे) तिन्ही टप्पे द्या, प्रायमरी, इंटरमीजिएट आणि ऑस्की (प्रात्यक्षिक). ते पूर्ण झालं की जीएमसी (तिथली मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशनला चालतं, प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची तिथली परीक्षा) लागत नाही. पण पैसे पौंडात जातात, आणि इथेच राहायचं ठरलं तर एमआरसीईएमलाही पीजी डिग्री म्हणून मान्यता नाही.

टीचिंगमध्ये जाणाऱ्यांनी अजून एक बघा, २०२० च्या नियमांत नवीन कॉलेजांना इमर्जन्सी डिपार्टमेंट सक्तीचं केलं आणि २०२३ मध्ये सक्तीच्या यादीतून काढलं. पोस्ट किती निघतील याचा भरवसा कोण देणार?

माझं मत विचाराल तर इथेच राहायचं असेल तर एमडी किंवा डीएनबी, तिसरं नाहीच. या दोघांत नावापेक्षा ईआर (इमर्जन्सी रूम) बघून निवडा. चॉइस भरायच्या आधी तिथल्या सेकंड इयरच्या रेसिडेंटला गाठून विचारा, रात्री तीनला ट्यूब कोण टाकतं, तू की अॅनेस्थेशियाचा कॉल? तो हसून विषय बदलायला लागला तर ती सीट लिस्टमध्ये खाली टाका.