लंडनमध्ये मुलीसाठी शाळा: नॉर्थ लंडन कलेजिएट की हेन्रिएटा बार्नेट?

मावसबहिणीची मुलगी अकरा वर्षांची होईल आणि ताई दोन शाळांत अडकलीये, म्हणून हे लिहितोय. दोन्ही मुलींच्या डे स्कूल, दोन्हीकडे रिझल्ट जबरदस्त, त्यामुळे ब्रोशर बाजूला ठेवा.

पैसे: कलेजिएट खासगी, फी वर्षाला 25 हजार पौंडांच्या वर, त्यात जानेवारी 2025 पासून 20 टक्के व्हॅट लागला. बर्सरी (फीत सवलत) मिळू शकते, पण उत्पन्न बघून. बार्नेट सरकारी ग्रामर, म्हणजे परीक्षा घेऊन मुली निवडणारी शाळा, फी शून्य.

इतिहास बघाल तर कलेजिएट 1850 ची, फ्रान्सिस मेरी बस यांनी कॅम्डेनमध्ये काढलेली. हेतू साधा, मध्यमवर्गीय मुलींना मुलांसारखं खरं शिक्षण. 1863 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या, तोवर मुलांसाठीच असलेल्या शालेय परीक्षेला मुली प्रायोगिक म्हणून बसल्या तेव्हा बऱ्याच जणी अंकगणितात आपटल्या, तर बाईंनी रडत न बसता गणित शिकवणं सुधारलं. वर 1871 मध्ये कमी फीची कॅम्डेन स्कूलही काढली, आजच्या फीकडे बघून त्या काय म्हणाल्या असत्या कोण जाणे! बार्नेट 1911 ची, हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये, श्रीमंत-गरीब शेजारी राहावेत या कल्पनेतूनच ते उपनगर वसलं.

प्रवेश: बार्नेटला दोन फेऱ्यांची परीक्षा, स्पर्धा भयानक, मुख्य प्रवेश अकराव्या वर्षी. कलेजिएटला चौथ्या वर्षापासून दार उघडं.

फी झेपत असेल नि लहानपणापासून एकच शाळा हवी तर कलेजिएट. पगारावर चालणारं घर, पोरगी परीक्षेला न घाबरणारी, तर बार्नेट, फक्त दुसऱ्या शाळांचे फॉर्मही भरून ठेवा.