१,०७,४८० रुपयांच्या रिंगा

हिंगणा एमआयडीसीत आमचा पशुखाद्याचा छोटा कारखाना आहे. मळी ओढायला चार गिअर पंप. मळीचा पंप ज्याने चालवलाय त्याला सीलचं दुखणं सांगायला नको. सील म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी गळती अडवणाऱ्या, एकमेकींवर घासत फिरणाऱ्या दोन रिंगा. थंडीत मळी डांबरासारखी होते, रात्री बंद पंपाच्या सीलमध्ये साखर सुकते, दोन्ही रिंगा एकमेकींना चिकटतात आणि सकाळी बटण दाबलं की कडक्कन आवाज येतो.

नोव्हेंबरात एक गृहस्थ आले. मोठ्या सील कंपनीतून बाहेर पडलो म्हणाले. घट्ट मालाला कार्बनची रिंग चालत नाही, तिला फोड येतात, कडा झडतात. दोन्ही बाजूंना टंगस्टन कार्बाइड लावा आणि मागून कोमट पाण्याचं क्वेंच द्या, म्हणजे रिंगांच्या मागे पाणी खेळतं ठेवा, असं त्यांचं म्हणणं. यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. मी दोन ठिकाणी विचारून खात्री केली होती, म्हणजे अगदीच डोळे मिटून फसलो नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या.

चार सील, प्रत्येकी २१,५०० रुपये. ८६,००० वर १८ टक्के जीएसटी १५,४८०. हे १,०१,४८० एनईएफटीने, सगळे आगाऊ. शिवाय जुने चार सील लॅपिंग करून, म्हणजे रिंगा घासून सपाट करून, देतो म्हणून रोख ६,००० घेतले आणि सीलही घेऊन गेले. पावती नाही, माल नेल्याचं चलन नाही. जुना सील फोटो आणि चलनाशिवाय गेटबाहेर सोडू नका.

सील बसवताना आमच्या फिटरने रिंग तळहातावर झुलवली. "साहेब, हे हलकं लागून राहिलं ना." टंगस्टन कार्बाइड लोखंडाच्या जवळपास दुप्पट जड असतं, हे मला माहीत होतं. गृहस्थ हसले, "सिलिकॉन कार्बाइड आहे भाऊ, त्याहून भारी. वजनाला हलकंच असतं." तेही खरंच! पण बिल माझ्या हातात होतं आणि त्यावर टंगस्टन छापलेलं होतं. मी बिलाकडे पाहिलं, रिंगेकडे पाहिलं आणि फिटरला म्हणालो, "तुला काय कळतं बे." वर त्या माणसाला तर्री पोहे खाऊ घातले. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

अकराव्या सकाळी दोन पंप गळले, संध्याकाळपर्यंत तिसरा. उघडले तर कडा झडलेल्या. रिंग पांढऱ्या कागदावर घासली, तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली. शुद्ध कार्बन. सिलिकॉन कार्बाइड अशी रेघ ओढत नाही. ही रेघ सील बसवण्याआधी ओढून बघा, दहा सेकंद लागतात. फोन केला तर उत्तर आलं, "तुम्ही पंप कोरडा चालवला, वॉरंटी गेली." त्यानंतर फोन बंद.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. "हा दिवाणी मामला आहे." अहो, बिलावर एक आणि डब्यात दुसरं, ही फसवणूक नाही तर काय? न्याय संहितेचं कलम ३१८ वकिलाने लिहून दिलं, तो कागदही त्यांनी परत केला. ग्राहक आयोगाचं म्हणणं, व्यापारी वापरासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक नव्हे. समाधान पोर्टल लघुउद्योगांसाठी आहे म्हणून तिकडे गेलो, तर ते विकणाऱ्याच्या थकलेल्या पैशासाठी. घेणारा बुडाला तर त्याचं त्याने पाहावं. सीएने जीएसटी नंबर तपासला, तो बिलाच्या आधीच रद्द झालेला. म्हणजे भरलेल्या १५,४८० जीएसटीचं क्रेडिट, आमच्या करातून मिळणारी वजावट, तीही गेली. नंबर पोर्टलवर पैसे देण्याआधी टाकून बघतात, नंतर नाही; हे मला आता सांगून काय उपयोग! जीएसटी कार्यालयात बाबूंनी माझाच खुलासा मागितला. नंबर त्यांनी रद्द केला, बिल त्याने फाडलं आणि खुलासा मी द्यायचा!

निम्मे पैसे तरी सील महिनाभर चालेपर्यंत अडवून ठेवा. विकणारा चिडला तर चिडू द्या. दोन्ही रिंगांचं मटेरियल बिलावर वेगवेगळं लिहून घ्या आणि फिटर बोलला तर ऐका.

चौथ्या खेपेला रेघ ओढलेला तो कागद ठाण्यात नेला. साहेबांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यावर सही कुठे आहे?"