२० अँपिअरचा स्थिर करंट: लिनिअर की बक?

धाकट्या चुलतभावाला ० ते २० अँपिअर, हवा तसा लावता येणारा स्थिर करंट सप्लाय बनवायचाय. मॉसफेट (करंट सोडणारा ट्रान्झिस्टर) आणि ऑप-अँप (त्याला ताब्यात ठेवणारी चिप) यांचा, जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारा लिनिअर, की भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर, इथे त्याचं घोडं अडलंय.

आधी उष्णता बघ रे, बहुतेक निकाल तिथेच लागतो. इनपुट १२ व्होल्ट, लोडवर ३ व्होल्ट, करंट २० अँपिअर धर. लिनिअरमध्ये उरलेले ९ व्होल्ट मॉसफेटवरच पडतात, म्हणजे १८० वॅट! एकाला ते झेपणार नाही. चार-सहा लागतील, प्रत्येकाच्या सोर्स या पायाला वेगळा रेझिस्टर, शक्यतो ऑप-अँपही वेगळा. नाहीतर जो जास्त तापतो तोच जास्त करंट ओढतो आणि जळतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे शंभर-दीडशे अँपिअर विसर; एसओएच्या (मॉसफेट किती व्होल्ट-करंट सुरक्षित झेलतो त्या मर्यादेच्या) आलेखातली डीसीची, म्हणजे सतत करंटची, रेघ बघ. बकमध्ये ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर उष्णता जेमतेम ११ वॅट.

करंटच्या स्वच्छतेत मात्र लिनिअर सरस. बकला रिपल, म्हणजे करंटमधला बारीक चढउतार, असतो, शिवाय लोड जोडताक्षणी आउटपुट कपॅसिटर त्यात रिकामा होतो. लेझर डायोड तेवढ्याने जातो.

मेहनत म्हणशील तर लिनिअर सोपा. बकला पूर्ण करंटवरही सॅच्युरेट न होणारा (गाभ्याची चुंबकीय क्षमता न संपणारा) इंडक्टर आणि आटोपशीर पीसीबी हवाच. शंट, म्हणजे करंट मोजायचा छोटा रेझिस्टर, दोन्ही प्रकारांत लागतो: ०.०१ ओहमवर ४ वॅट जातात, तेव्हा १० वॅटचा घे आणि सेन्सच्या (त्यावरचं व्होल्टेज मोजायच्या) तारा थेट त्याच्या पायांशी सोल्डर कर.

बॅटरी चार्जिंग किंवा मुलामा द्यायचा असेल तर बक. डायोड तपासणी, मिलिओहम मोजणी असेल तर लिनिअर, पण इनपुट ५ व्होल्टवर आण; उष्णता ४० वॅटवर येते.