‘फिल्म टेस्टेड’ म्हणून घेतलेला ऑलिंपस एक्सए आणि वाया गेलेला रोल

आजीचं सहस्रचंद्रदर्शन फेब्रुवारीत वाईला झालं. ३६ फोटोंचा अख्खा रोल मी त्या एका दिवसात संपवला. लॅबकडून स्कॅन आले तेव्हा मी ऑफिसातून परतत होते. घरी पोचेपर्यंतही धीर निघाला नाही, ठाणे स्टेशनच्या पुलावर कडेला उभं राहून मोबाइल उघडला. आत्या कणकेच्या दिव्यांचं ताट घेऊन आजीला ओवाळतेय, तो फोटो आधी दिसला. दिव्यांच्या जागी पांढरे फटक गोळे, आजीचा चेहरा दुधात बुडवल्यासारखा, आणि उजव्या कडेपासून तिच्या कपाळापर्यंत शेंदरी पट्टा. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही. पट्टा दर वेळी त्याच जागी.

या जुन्या फिल्म कॅमेऱ्यापायी साडेतेरा हजार गेले त्याचा राग आहेच. पण आजीचं एक्क्याऐंशीवं वर्ष मला पुन्हा कुठे मिळणार?

मला हा कॅमेरा का हवा होता, तेही सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण याच ओढीने त्याच्याकडे वळणार आहात. ऑलिंपसने एक्सए आणला १९७९ साली. रचना योशिहिसा मैतानी यांची. वेगळी केस नको, लेन्सचं झाकण सांभाळायला नको, कव्हर सरकवलं की कॅमेरा तयार. सेल सोडून वजन जेमतेम २२५ ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात मावतो. आणि एवढ्याशा डबीत ३५ मिमीची, कमी उजेडातही चालणारी एफ २.८ लेन्स, शिवाय खराखुरा रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायची सोय. लोकलमध्ये, टपरीवर, आईच्या ओट्याजवळ, रोज सोबत राहील असा कॅमेरा मी वर्षभर शोधत होते.

मिळाला तो फोटो टाकायच्या एका ॲपवर. विक्रेत्याचं पान देखणं, लाकडी फळीवर मांडलेले जुने कॅमेरे, खाली कौतुकाचे शंभर अभिप्राय. ‘मिंट कंडिशन, फिल्म टेस्टेड, लाइट सील्स नवीन.’ लाइट सील म्हणजे मागच्या दाराच्या कडांना प्रकाश अडवणारा फोम. मी व्हिडिओ मागितला, त्याने लगेच पाठवला. कॅमेऱ्याच्या तळाचा खटका ओढला, पुढचा लाल दिवा लागला, बीप वाजला. मग चकती फिरवून लाल बटण दाबलं, टिक. सोबत त्याच कॅमेऱ्याने काढलेले म्हणून चार सुंदर फोटो. मी विचार करते म्हटल्यावर उत्तर आलं, ‘ताई, अजून दोघं विचारतायत. आज पेमेंट केलंत तर तुमच्यासाठी ठेवतो.’ मी त्याच रात्री यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवली. बिल मागितलं नाही, पत्ताही विचारला नाही.

रोलची ती अवस्था बघून मी कॅमेरा फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला बसणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे नेला. त्यांनी मागचं दार उघडलं आणि बिजागरीच्या बाजूला नखाने अलगद खरवडलं. नव्या सीलच्या नावाखाली निघाली ती विजेच्या वायरींना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी, आणि तिच्याखाली जुना फोम, डांबरासारखा चिकट झालेला. चिकटपट्टी सपाट असते, फोमसारखी फट भरत नाही, त्यामुळे प्रकाश सरळ आत. मग त्यांनी दुकानातला दिवा घालवला, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ २.८ वर ठेवली आणि बटण दाबलं. अंधारात एक्सएचा शटर काही सेकंद उघडा राहतो, तेवढ्यात मागून टॉर्च धरून त्यांनी मला समोरून बघायला लावलं. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, एका कडेने निघून मधोमध पसरलेले, आणि सगळ्यावर धुरकट साय. बुरशी. ‘ही दोन-चार महिन्यांची नाही ताई, वर्षानुवर्षांची आहे. कोटिंग खाल्लंय तिने. साफ करेन, पण डाग राहतील.’ प्रकाश मोजणारा मीटर मात्र ठीक होता, तेही सांगायला हवं.

मी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, बीप म्हणजे फक्त सेलमध्ये जीव आहे. लेन्स कशी आहे, प्रकाश आत शिरतो का, यातलं काही त्यावरून कळत नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर!

नमुन्याच्या फोटोंचं तर मला स्वतःलाच दिसायला हवं होतं. ३५ मिमीच्या फिल्मवर चौकट ३६ बाय २४ची असते, म्हणजे ३ ला २. त्याने पाठवलेले चारही फोटो ४ ला ३ होते, मोबाइलचे असतात तसे. कोणी कातरलेलेही असू शकतात, पण चारही एकाच मापात? म्हणून यापुढे कोणी ‘फिल्म टेस्टेड’ म्हटलं की निगेटिव्हची पट्टी खिडकीशी धरून काढलेला फोटो मागा. खरंच रोल घातला असेल तर पट्टी असणारच.

शक्यतो समोर जाऊन घ्या. जाताना एलआर ४४चे दोन बटणसेल आपले न्या, कारण सेलशिवाय एक्सएचा शटर पडतच नाही आणि ‘सेल नाहीत म्हणून दाखवता येत नाही’ ही सबब तयार असते. कव्हर उघडून डोळा लावायच्या खिडकीतून बघा, डावीकडची मीटरची सुई खिडकीकडे धरल्यावर वर आणि कोपऱ्याकडे वळवल्यावर खाली यायला हवी. दार उघडून सील बोटाने चाचपा. टॉर्चची तपासणी वर सांगितलीच आहे, ती करू न देणाऱ्याकडून कॅमेरा घेऊ नका. आणि ‘एक्सए सिरीज’ असं मोघम लिहिलं असेल तर नाव नीट वाचा. एक्सए २ वेगळा आहे, त्याला रेंजफाइंडर नाही, लेन्स एफ ३.५ आणि फोकसच्या तीनच जागा. तोही चांगला कॅमेरा आहे, पण एक्सएच्या भावात घ्यायचा नाही.

विक्रेत्याला मी सगळे फोटो पाठवले. आधी म्हणाला कुरिअरमध्ये आपटला असेल. आपटून बुरशी येते का, विचारलं. मग म्हणाला तुमची फिल्म जुनी असेल. रोल नवा होता, डब्यावरची तारीख पाठवली. शेवटी ‘ताई, जुन्या लेन्सचं कॅरेक्टरच असं असतं’ असं लिहून त्याने मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा क्रमांक आणि सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडले. अजून पैसे आलेले नाहीत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ केला असता तर कुरिअरची सबब पहिल्याच दिवशी संपली असती. तेवढं तुम्ही नक्की करा.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने मला एक जाहिरात पाठवली. पान नवं, नाव नवं, किंमत पंधरा हजार, व्हिडिओ तोच. तीच लाकडी फळी, तोच बीप. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यावर चंद्रकोरीसारखा एक ओरखडा आहे, बटण दाबताना क्षणभर दिसतो. तुम्हाला तो व्हिडिओ आला तर पैसे पाठवू नका. त्यातला कॅमेरा माझ्या कपाटात आहे.