जुनी पोलो जीटी घ्यायची तर 2020 नंतरचीच

लातूर, सोलापूर, संभाजीनगर पालथं घालून शेवटी फोक्सवॅगनची 2021ची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल) घेतली. आधीच्या, 2013 पासूनच्या गाड्यांत 1.2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, 105 पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालवायला मखमल! पण त्याचे क्लच कोरडे, थंड ठेवायला तेल नाही, त्यामुळे उन्हात आणि गर्दीत तापायची भीती. आमच्याकडचा मे महिना आणि लातूरच्या गंजगोलाई बाजारातली गर्दी बघता मला ती धास्ती नको होती. 2020पासून 1 लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, 110 पीएस, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक. उभी असताना किंचित थरथरते, टॉर्क (इंजिनची ओढ) मात्र तेवढाच, 175 न्यूटन मीटर. तुळजापूरच्या घाटात मागं बसलेली आई म्हणाली, "लईच पळती की रे ही!" 2022ची एक स्वस्तात मिळत होती, पण सर्व्हिसच्या नोंदीच नव्हत्या. सोडली.