सहजीवनात ‘एक जीव’ कुणाला म्हणायचं: एकत्र कारभार की एकत्र वंश?

सहजीवनावर, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे जीव एकमेकांच्या निकट सोबतीने जगतात त्यावर, लिहिताना किंवा शिकवताना ‘जीव’ म्हणजे नेमकं काय, हे एकदा ठरवावंच लागतं. माझ्या मते गंभीरपणे विचार करावा अशा कसोट्या दोनच. पहिली होलोबायंटची, जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९९१ मध्ये चर्चेत आणलेली: यजमान (ज्याच्या अंगात सूक्ष्मजीव राहतात तो) आणि त्याचे सूक्ष्मजीव मिळून कारभार चालवत असतील, तर ते सगळे मिळून एक. दुसरी वंशाची: जे जोडीने पुढच्या पिढीत जातात, ते एक.

माव्याच्या किडीपुरता वादच नाही. तिच्या पेशींत राहणारा बुखनेरा जीवाणू आईकडूनच पिल्लांत जातो, तिला अत्यावश्यक अमिनो आम्लं पुरवतो आणि बाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाही. दोन्ही कसोट्यांवर ही जोडी उतरते.

माझं अडलं ते हवाईच्या बॉबटेल स्क्विड या छोट्या समुद्री प्राण्यापाशी. त्याच्या प्रकाश-अवयवात व्हिब्रिओ फिशेरी हे चमकणारे जीवाणू असतात आणि त्यांच्याशिवाय तो अवयव नीट घडतही नाही. इतकं वाचल्यावर पहिली कसोटी पटते. पण हाच प्राणी रोज पहाटे त्यातले सुमारे ९५ टक्के जीवाणू समुद्रात सोडून देतो आणि उरलेल्यांची संख्या रात्रीपर्यंत पुन्हा वाढते. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्यात ते नसतातच, आसपासच्या पाण्यातून येतात. मग सोडून दिलेले जीवाणू या ‘एका जीवा’तून नेमके कधी वजा झाले? आणि समुद्रात मोकळे फिरणारे, अजून कुठल्याच स्क्विडमध्ये न शिरलेले, कुणाचे? होलोबायंटच्या बाजूचं मी बरंच वाचलं, पण ही हद्द कुणी समाधान होईल अशी आखलेली सापडली नाही. मी तिथेच बाजू बदलली.

वंशाची कसोटी दगडफुलावर, म्हणजे बुरशी आणि शैवालाच्या जोडीवर, वापरून बघा. भिंगाखाली काहींच्या कडेला पिठासारखी भुकटी दिसते. तिच्या कणाकणात बुरशीचे धागे शैवालाच्या पेशींना वेढून असतात, म्हणजे जोडी एकत्रच निघते. काहींवर बारीक वाट्या असतात. त्यांतून फक्त बुरशीचे बीजाणू उडतात आणि त्यांना शैवाल नव्याने गाठावं लागतं. म्हणजे उत्तर ‘इथे हो, तिथे अर्धवट’ असं येतं. काहींना हा दोष वाटेल. मला मात्र त्यात जे दिसतं तेच सांगितल्यासारखं वाटतं.

शरीरक्रिया किंवा आतड्यातले जीवाणू हा तुमचा विषय असेल, तर होलोबायंट कदाचित सोयीचा पडेल. तत्त्वज्ञ पीटर गॉडफ्रे-स्मिथ तर जीव आणि उत्क्रांतीचं एकक या गोष्टी वेगळ्याच ठेवतात, तीही वाट आहे. पण नैसर्गिक निवड कशावर चालते हा प्रश्न असेल, तर आधी वंश तपासा.