‘यात सेलच नाही, साहेब’

गेल्या महिन्यात एका व्हिडिओ गेमच्या कॅसेटपायी मी ११,८०० रुपये घालवले. हा आकडा घरात अजून कुणाला सांगितलेला नाही. पण जुन्या जपानी गेम्सचं वेड असलेले आपल्यात बरेच जण आहेत आणि मला गंडवणारा अजून धंद्यात आहे, म्हणून लिहितोय.

गेम होता ‘स्वीट होम’. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८९ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनसाठी काढलेला भुताटकीचा गेम, त्याच नावाच्या जपानी सिनेमावरून. मामिया इचिरो नावाच्या चित्रकाराच्या ओसाड वाड्यात भित्तिचित्रांचे फोटो काढायला पाच जण शिरतात आणि अडकतात. प्रत्येकाकडे एकच खास वस्तू: एकाजवळ लायटर, एकीजवळ औषधांची पेटी, मग किल्ली, कॅमेरा आणि चक्क व्हॅक्यूम क्लीनर. चित्रांवरची धूळ काढायला तोच लागतो! एका टोळीत तिघांपेक्षा जास्त जात नाहीत, त्यामुळे माणसं सतत वाटून घ्यावी लागतात. आणि एखादा मेला की मेला, तो परत येत नाही. किती जण वाचले त्यावर शेवट ठरतो. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या गाजलेल्या भुताटकीच्या गेमची सुरुवात याच गेमची नवी आवृत्ती करायची म्हणून झाली होती. ते सावकाश उघडणारं दार आठवतंय ना? ते इथलंच.

अडचण एकच. हा गेम जपानबाहेर अधिकृतपणे कधी आलाच नाही. भिंतींवरचे मजकूर, चिठ्ठ्या, मरणाऱ्यांचे शेवटचे शब्द, सगळं जपानीत. आणि ते वाचल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही.

तर एका विक्रेत्याने जाहिरात टाकली होती: ‘स्वीट होम, १९८९ ची ओरिजिनल, इंग्लिश व्हर्जन, ९,५०० रुपये.’ तो म्हणे जपानात, ओसाकात राहतो. आता बघा, गेम १९८९ चा. चाहत्यांनी हौसेने केलेलं इंग्रजी भाषांतर आलं २००० साली. म्हणजे इंग्रजी बोलणारी कॅसेट एकतर उघडून आतली चिप बदललेली, नाहीतर सगळीच नवी बनवलेली. तिसरा पर्याय नाही. ही दोन्ही सालं मला पाठ होती. पण इंग्रजीत खेळायला मिळणार म्हटल्यावर त्यांची बेरीज करावीशी वाटली नाही.

त्यात माणूस जाणकार निघाला. माझ्याकडे कुठलं मशीन आहे, हे त्याने आधी विचारलं. माळ्यावर लहानपणीचा टीव्ही गेम आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग काळजी नको, त्याची कॅसेट घालायची खाच साठ पिनांचीच असते, फॅमिकॉमसारखी. अमेरिकन मशीनला बहात्तर लागतात.” हे खरं आहे. आपल्याकडे नव्वदीत जी मशीनं मिळायची ती फॅमिकॉमचीच नक्कल होती. एवढं खरं बोलणारा खोटं कशाला बोलेल, असं मला वाटलं. त्याने गेम चालू असल्याचा व्हिडिओही पाठवला. नकली कॅसेटही चालतेच की! आतल्या पाटीचा, म्हणजे सर्किट बोर्डाचा, फोटो मागायला हवा होता, तो मी मागितलाच नाही.

पैसे यूपीआयवरून गेले. समोर नाव भलतंच दिसलं. विचारलं तर म्हणाला, बहिणीचं खातं आहे. सहा दिवसांनी मेसेज: पार्सल कस्टममध्ये अडकलंय, २,३०० पाठवा. तेही पाठवले, त्याच खात्यावर. पोस्टाने आलेल्या परदेशी पार्सलवर शुल्क लागलं तर पोस्टमन ते दारात घेतो आणि पावती देतो. विकणाऱ्याच्या बहिणीचा त्यात संबंध काय? दोन दिवसांनी पार्सल आलं. देशी कुरियरची पिशवी, पाठवल्याचं ठिकाण दिल्ली.

तरीही मी खेळलो. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मजा आली. पिवळी-पांढरी पिन टीव्हीला लावली, साडेचार तास खेळलो, पाचही जण जिवंत. सेव्ह केलं, झोपलो. सकाळी मशीन चालू केलं तर गेम पहिल्यापासून. वाटलं, आपलंच काही चुकलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तीन तास, पुन्हा सेव्ह, सकाळी पुन्हा शून्य. तिसऱ्या रात्री टीव्ही बंद केला आणि मशीन चालूच ठेवलं. पहाटे आई पाणी प्यायला उठली, तिला लाल दिवा दिसला आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. “रात्रभर काय जळत होतं रे ते?” काय सांगणार?

शनिवारी कॅसेट घेऊन पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानदाराने ती उलटी केली आणि मागचा स्क्रू काढला. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेट्सना स्क्रू नसतो, दोन्ही भाग खटक्याने बसतात. आत एक हिरवी पाटी आणि तिच्यावर डांबर सांडल्यासारखा काळा गोळा. पाय असलेली एकही चिप नाही. “यात सेलच नाही, साहेब. सेव्ह राहणार कुठे?” अस्सल कॅसेटमध्ये सेव्ह टिकवायला गोल सेल डकवलेला असतो. वीज गेली की मेमरी त्याच्यावर तग धरते. “असला माल दीड-दोनशेत येतो,” तो म्हणाला आणि स्क्रू परत लावून दिला. पैसे घेतले नाहीत, तेच जास्त लागलं.

लहानपणी ‘९९९९ इन वन’च्या कॅसेटमध्ये दहा-बाराच गेम असायचे, नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच. त्याही नकलीच होत्या, पण १९८९ ची ओरिजिनल म्हणून कुणी गळ्यात मारत नव्हतं.

विक्रेत्याला लिहिलं तर त्याने ब्लॉक केलं. मग १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांतच फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी सतराव्या दिवशी केला. फोनवरच्या बाईंनी तारीख दोनदा विचारून घेतली.

परवा मित्राच्या खात्यावरून त्याची जाहिरात पाहिली. तोच फोटो, स्टिकरच्या डाव्या कोपऱ्यावर तोच ओरखडा. ती कॅसेट माझ्या कपाटात आहे आणि तिच्या स्टिकरवर ओरखडा नाही. आता किंमत १०,५००.